रुमाल सोडण्यापूर्वी

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद महाराष्ट्रात बराच काळ चालला. शके 1549 ची वैशाख शुद्ध द्वितीया ही बखरींच्या आधाराने रूढ झालेली तिथी होती. लोकमान्य टिळकांनी 1916 साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि तिच्यात शके 1551 ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली. पुढे तंजावरला सापडलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारताने तीच तिथी दिली. अखेर 2001 साली महाराष्ट्र शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली. हा वाद अनेकांना ठाऊक आहे. त्यातली एक बाब मात्र सहसा बोलली जात नाही, आणि या पुस्तकाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. ही शकावली भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातून आली, हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. हे घराणे रोहिडखोऱ्याच्या देशमुखीचे. कान्होजी जेधे शहाजीराजांच्या आणि मग शिवाजी महाराजांच्या पदरी होते. या टिपणातल्या नोंदी कोणाच्या माहितीवर आधारलेल्या असतील, त्यांत घराण्याचा अभिमान कोठे डोकावत असेल आणि कोठे डोकावण्याचे कारणच नसेल, याचा अंदाज त्यामुळे करता आला. समजा, हेच टिपण एखाद्या रद्दीवाल्याच्या पोत्यातून सुटे मिळाले असते. तर तारखांची आणखी एक निनावी यादी म्हणून ते बाजूला पडले असते, किंवा ज्याला जी तिथी हवी त्याने ते आपल्या बाजूने ओढले असते.

जुना कागद, शिलालेख किंवा ताम्रपट यांचे मोल त्यांच्यातल्या मजकुराइतकेच ते कोठे होते, कोणाकडे होते आणि कोणत्या कागदांच्या शेजारी होते यावर अवलंबून असते, हे या प्रस्तावनेचे मुख्य म्हणणे आहे. आणि ही माहिती टिकवण्याचे काम तालुक्याच्या गावातले इतिहास मंडळच करू शकते. राजधानीतल्या मोठ्या पुरालेखागाराकडून त्याची अपेक्षा धरता येत नाही. पुढील प्रकरणे अशा मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी लिहिली आहेत. कागदांचा शोध, यादी, निगा, वाचन आणि गावापुढे मांडणी असा त्यांचा क्रम आहे. तो असाच का, आणि यादीला इतकी पाने का दिली, हे येथे सांगायचे आहे.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. काव्येतिहाससंग्रह 1878 साली सुरू झाला. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत शिक्षकी सांभाळून पटवर्धनी दप्तर वाचले आणि 1897 पासून ऐतिहासिक लेखसंग्रह काढला. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 चा. 7 जुलै 1910 रोजी राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले, आणि 1926 च्या डिसेंबरात राजवाडे धुळ्यात वारल्यावर तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. हे सगळे सरकारी मदतीची वाट न पाहता झाले. ज्यांच्या घरी दप्तर आहे त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे, त्यांचा संशय घालवायचा, फडताळातले आणि माळ्यावरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, खाली उतरवायचे, वाळवीची माती झटकायची आणि नकला करायच्या, अशी ती रीत. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे, शं. ना. जोशी, य. न. केळकर ही मंडळी त्याच रीतीत वाढली. आज पुण्याच्या मंडळात लाखो कागद आणि हजारो पोथ्या आहेत, त्या या पायपिटीमुळे. तिच्याविषयी कृतज्ञता बाळगूनही तिच्या एका मर्यादेकडे पाहणे भाग आहे.

ती मर्यादा निवडीची. त्या पिढीला मराठ्यांचा राजकीय इतिहास उभा करायचा होता. मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या ग्रँट डफला उत्तर द्यायचे होते. त्यामुळे रुमाल सोडला की लढाई, तह, वकिलाची बातमीपत्रे, छत्रपतींचे वा पेशव्यांचे पत्र वर यायचे, आणि कीर्द, खतावणी, झाडा, ताळेबंद, गुरांची चराई, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या हे पुन्हा खाली जायचे, किंवा रुमालाबाहेरच राहायचे. गो. स. सरदेसाईंनी 1930 ते 1934 या अवघ्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तरातून निवडून 45 भाग छापले. काम अचाट होते, आणि एवढ्या मुदतीत निवडीवाचून दुसरा मार्गही नव्हता. पण निवड झाली की वाचकाच्या हाती संपादकाचे कुतूहल येते, दप्तर येत नाही. पुढच्या अभ्यासकांनी वेगळे प्रश्न विचारले, तेव्हा हे लक्षात आले. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचे पुस्तक 1953 साली काढले, ते महजर आणि निवाडपत्रांच्या बळावर. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने दख्खनच्या गावाचा, जातींचा आणि बलुत्याचा विचार केला, तो मुख्यतः मराठी कागदांवरून. त्यांना हवे होते ते नेमके रुमालाच्या तळाचे कागद. राजवाड्यांना हे फार लवकर उमगले असावे असे मला वाटते. पहिल्या खंडात पानिपतापर्यंतची राजकीय पत्रे छापणारा हा माणूस पंधराव्या खंडात शिवकालीन घराण्यांकडे वळला आणि घराणेवार कागद देऊ लागला. एका घराण्याचे कागद एकत्र ठेवले की त्या घराची, त्याच्या वतनाची आणि शेजाऱ्यांशी असलेल्या भांडणांची साखळी आपोआप दिसते. सुट्या कागदांतून ती दिसत नाही.

हे कागद मुळात टिकले कसे, याचा विचार केला म्हणजे आजची घाई कशासाठी हे कळते. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांनी दप्तर जपले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. कागद म्हणजे वतनाचा पुरावा होता. भाऊबंदकीत, सरहद्दीच्या तंट्यात, पुढे इनाम कमिशनपुढे तोच दाखवायचा होता. म्हणून तो खारव्यात बांधून, देवघराशेजारी किंवा धान्याच्या कोठाराजवळ ठेवला जाई. परगणे आणि कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गावकामगारांची 1958 च्या आणि मुलकी पाटलांची 1962 च्या कायद्याने. त्या सुधारणा न्याय्य होत्या, पण त्यांच्याबरोबर कागद जपण्याचे कारणही संपले. त्याआधी, गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत, पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक वाड्यांबरोबर दप्तरेही जळाली. त्यानंतर वाटण्या झाल्या, मुले शहरात गेली, मोडी वाचणारी शेवटची पिढी सरली आणि वाडा पाडून इमारत बांधताना माळ्यावरचे गाठोडे कोणाच्या वाट्याचे हेच ठरेना. पाणीही आहेच. 2019 च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ भिजले. सार्वजनिक संस्थेची ही गत, तर नदीकाठच्या घरांतल्या गाठोड्यांची मोजदाद कोण करणार? आजच्या मालकाला कागदाचा उपयोग उरलेला नाही, आणि त्यात काय आहे हे त्याला वाचताही येत नाही. म्हणून तो फेकतो, किंवा मोहरेचे म्हणून एखादे पत्र काढून विकतो. दुसरा प्रकार पहिल्याइतकाच घातक आहे. सुट्या पत्राला चौकट मिळते आणि उरलेल्या रुमालाला चूल.

तेव्हा मंडळाचे पहिले काम कागद गोळा करणे हे नाही. रुमाल सोडण्यापूर्वीच लिहून ठेवायच्या गोष्टी असतात. घर कोणते, मूळ गाव कोणते, रुमाल घरात कोठे होता, किती होते, बांधणीच्या वर काही चिठ्ठी होती का, आतल्या पुडक्यांचा क्रम कोणता, आणि घरातली वडीलधारी माणसे त्याबद्दल काय सांगतात. मग प्रत्येक कागदाला त्याच क्रमाने आकडा द्यायचा, दोन ओळींत विषय लिहायचा, तारीख दिसत असेल तर जशी आहे तशी उतरून घ्यायची. येथे नवशिक्याची हमखास फसगत होते, म्हणून तारखांवर स्वतंत्र प्रकरण दिले आहे. ‘इसन्ने सबैन व अलफ’ म्हणजे शुहूर सन 1072. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो, पण हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलत असल्याने कोणता आकडा मिळवायचा हे महिन्यावर ठरते. यादीत इसवी सन लिहून मूळ तारीख गाळली, तर चुकीचा रूपांतरित आकडा पुढे कोणालाच पकडता येत नाही. मोडीचा वर्ग याच कारणासाठी हवा. तो ‘प्राचीन वारशाची ओळख’ म्हणून दोन दिवसांत उरकता येत नाही. सलग ओढलेली शिरोरेषा, न तुटणारा हात, ऱ्हस्व-दीर्घाची बेपर्वाई, संक्षेपांची गर्दी यांना सरावायला महिने लागतात, आणि दर आठवड्याला बसणारी पाच-सहा माणसे टिकली तरी मंडळाचे नशीब म्हणायचे. अनेक ठिकाणी मंडळाची शक्ती वर्धापनदिन, सत्कार आणि शाल-श्रीफळात खर्च होते. ते सगळे वाईट असे नाही. वर्गणी त्यातूनच येते. पण वर्षाअखेरीला एका घराण्याची पूर्ण यादी निघाली नसेल, तर त्या वर्षी मंडळाने काय केले हे विचारायला हवे.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. कागद गावात सडतील. यादीच्या सोपस्कारात वेळ घालवण्यापेक्षा ते उचलून पुण्या-मुंबईच्या सुरक्षित इमारतीत न्यावेत. आक्षेपात तथ्य आहे. जेथे छप्पर गळते, कसर लागली आहे आणि मालक हात झटकतो, तेथे कागद हलवलेच पाहिजेत. आमचे म्हणणे एवढेच, की हलवण्यापूर्वी यादी व्हावी, रुमाल फोडला जाऊ नये आणि ज्या घरचे कागद त्या घराला पोच व यादीची प्रत मिळावी. शिवाय जपणुकीला नेहमी मोठी इमारत लागते असेही नाही. जुना हातकागद आणि काजळीची शाई हे जोडपे चिवट आहे. त्यांना ओल, ऊन, उंदीर-वाळवी आणि सेलोटेप यांपासून दूर ठेवले, स्वच्छ सुती कापडात बांधून भिंतीपासून सुट्या मांडणीवर ठेवले आणि पावसाळ्यानंतर उघडून पाहिले, तर बहुतेक काम भागते. (गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांची गोष्ट निराळी; लोहयुक्त शाई कालांतराने कागदच खाते, तेथे जाणकाराला बोलवावे.) सर्वांत जास्त नुकसान उत्साही हातांनी होते: फाटक्या पत्राला चिकटपट्टी लावणे, प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करणे, शाई उठावी म्हणून पाणी फिरवणे.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. सगळ्याचे फोटो काढले, एका डिस्कवर ठेवले की झाले. मूळ कागद राहो न राहो. फोटो काढावेतच, आणि मालक कागद द्यायला तयार नसेल तेथे तर तोच उत्तम मार्ग. मूळ त्याच्या घरी राहते आणि अभ्यासाची सोय होते. जमिनीच्या वादाच्या भीतीने कागद न दाखवणारे अनेक असतात. त्यांना कागद नेणार नाही असे लेखी दिले की निम्मी भीती जाते. परंतु मूळ कागदात फोटोत न येणारे बरेच असते. लांब पत्र कागदाचे बंद चिकटवून केलेले असते आणि त्या जोडांवर पाठीमागे शिक्के असतात. मध्ये एखादा बंद नंतर घुसडला आहे का, हे त्यांवरून कळते. घडीच्या खुणा, कागदाची जात, विलायती असेल तर त्यातला पाणछाप, शेवटचे मोर्तब, पाठीवर दुसऱ्या हाताने लिहिलेला शेरा, हे सर्व साक्षीदार आहेत. फोटो काढणारा बहुधा पाठ सोडून देतो. आणि क्रमांकावाचूनचे दहा हजार फोटो म्हणजे रद्दीच. फरक इतकाच, की तिला वाळवी लागत नाही आणि ती कोणाला दिसतही नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळून जाण्यात अर्थ नाही. स्थानिक मंडळे आपल्या गावाच्या, घराण्याच्या, जातीच्या थोरवीसाठी चालतात. शिवाय ही दप्तरे वतनदारांची, म्हणून त्यांतून निघणारा इतिहासही वरच्यांचाच असतो. पहिला भाग पुष्कळदा खरा ठरतो. गावाचा इतिहास म्हणून स्थळपुराण छापणारी, दंतकथेला शिक्कामोर्तब करणारी मंडळे आहेत, आणि बनावट कागदांचा धंदा तर वतनांइतकाच जुना आहे. इनामाची चौकशी आली की जुन्या सनदा नव्याने जन्म घेत. पण यावर उपाय मंडळे बंद करणे हा नव्हे. कागद कोठून आला आणि कोणाच्या शेजारी होता याची उघड नोंद हाच बनावटीवरचा पहिला पहारा आहे. एकटे पत्र खोटे करता येते. दोनशे कागदांच्या रुमालात त्याला जागा करून देणे फार अवघड असते. म्हणून यादी आधी छापावी, निष्कर्ष मागाहून. यादी छापली की दुसऱ्या बाजूचा माणूसही तीच वापरून मंडळाचे म्हणणे खोडू शकतो, आणि मंडळाने ते आपल्याच अंकात छापण्याची तयारी ठेवली पाहिजे. आक्षेपाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर महजरात आहे. गोताने बसून वतनाचा तंटा तोडला की पाटलाचा नांगर खाली उमटे आणि ज्यांना अक्षर येत नव्हते ते बलुतेदार आपापल्या अवजाराची निशाणी करीत. कोणी कोणाच्या बाजूने साक्ष दिली, कोणाचा हक्क नाकारला गेला, कोणी दिव्य केले, महारकीच्या मानापानाचा झगडा कसा चालला, हे त्या कागदांत आहे. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला, तो डोळ्यांसमोरची व्यवस्था पाहून. तिच्या मागच्या दोनशे वर्षांचा पुरावा या निशाण्यांखाली पडून आहे. मात्र तो वतनदाराच्या लेखणीतून आलेला आहे, हे विसरून चालणार नाही. लिहिणारा कोण आणि दप्तर कोणाचे, ही नोंद त्यासाठीही हवी.

दगडाच्या बाबतीत तर ठिकाण म्हणजेच निम्मा मजकूर. अलिबागजवळच्या आक्षीचा शके 934 चा, म्हणजे 1012 सालचा, शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. तो कित्येक वर्षे रस्त्याकडेला पडून होता. कोकणात आणि देशावर शिलाहार-यादवकाळातल्या गधेगाळी आढळतात. दान मोडणाऱ्याला शिवी देणारे हे दगड दानाच्या जमिनीशी बांधलेले असत. अशी शिळा उचलून ग्रामपंचायतीच्या चौथऱ्यावर बसवली की शिवी उरते आणि जमीन हरवते. वीरगळांचेही तसेच आहे. वेशीबाहेर एका ओळीत उभे असलेले सहा वीरगळ एका झुंजीची आठवण असू शकतात, सहा देवळांत विखुरले की ते सहा शेंदूर फासलेले देव होतात. शेंदूर आणि तेलरंग यांमुळे अक्षरे बुजतात, हे लोकांना पटवायला वेळ लागतो, आणि श्रद्धेचा दगड खरवडून काढण्याचा हक्क मंडळाला नाही. पुजाऱ्याला, गुरवाला विश्वासात घेऊन ओल्या कागदाचा ठसा घेणे, चारी बाजूंनी फोटो काढणे, तो कोणत्या दिशेला तोंड करून आणि कशाच्या हद्दीवर उभा आहे हे नकाशावर टिपणे, एवढे करता येते. रस्ता रुंद करण्यासाठी तो हलवावाच लागला, तर निदान जुनी जागा कागदावर राहते.

या पुस्तकात नाणी आणि मूर्ती यांवर फार थोडे आहे, कारण त्यांचे कायदे आणि त्यांचा बाजार हा वेगळा विषय आहे. आणखी एक गोष्ट मुद्दाम बाहेर ठेवली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात हेळवी घरोघर जाऊन वंशावळी सांगतात आणि आपल्या वह्यांत नव्या पिढीची नावे चढवतात. त्यांच्या वह्या मिळवाव्यात असा मोह मंडळांना होतो. पण ज्या वहीत अजून नावे लिहिली जात आहेत, ती त्या माणसाच्या पोटाचे साधन आहे. ती मागून घेणे तर सोडाच, तिच्या नकलेचाही प्रश्न त्याच्या संमतीने आणि त्याच्या अटींवर सुटायला हवा. या अटी काय असाव्यात, वहीतील घराण्यांची खासगी माहिती कोणी पाहावी, हेळव्याला त्याचा मोबदला कसा मिळावा, याविषयी अजून एकमत नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या मंडळांनी त्यावर हेळव्यांशीच बसून बोलले पाहिजे, आणि त्यातून जे ठरेल त्याला पुढच्या आवृत्तीत स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल.